खाऱ्या पाण्याचा गडू

सन २०२३. मला सत्त्याहत्तरावं लागलं होतं आणि समुद्र अजून पाहिलेला नव्हता. आम्हा गंगेवरच्या माणसांना त्याची गरज वाटत नाही. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, आणि ती दारात असताना दुसरं पाणी बघायला कुठं जायचं? पण आता जाऊन आलो आहे. कट्ट्यावरची मंडळी रोज विचारतात, बघायला काय काय होतं आणि खर्च किती आला. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा लिहूनच काढतो. शाळा चौथीतच सुटली, तेव्हा अक्षराकडे बघू नका.

आधी दोन गोष्टी सांगून ठेवतो. पहिली माझ्या धंद्याची. आयुष्यभर रामकुंडाजवळ हातगाडीवर तांब्याचे गडू विकले. यात्रेकरू गडूत गंगा भरून आणायचा, मी कथलाचा डाक लावून तोंड बंद करून द्यायचो. असा गडू गावी नेऊन कुणाच्या हातात दिला की तो घेणाऱ्याचा मान असतो. माझे गडू पार रामेश्वरापर्यंत गेले, थेंब गळाला नाही. पावसाळ्यात धरणाचं पाणी सोडलं की आम्ही दुतोंड्या मारुतीकडे बघायचो. मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं की गाडी सरकवायची, कमरेला लागलं की वर नेऊन बांधायची. पाण्यानं माझं कधी एक झाकणसुद्धा नेलं नाही.

दुसरी गोष्ट घरातली. वैशाखात देवळ्याला माझ्या मेव्हण्याच्या, बापूच्या, नातवाचं लग्न होतं. मांडवात माईकवरून नावं पुकारून टॉवेल-टोपी देत होते. मी त्या घरचा थोरला जावई, आणि माझं नाव पुकारलं सोसायटीच्या चेअरमनच्या मागून. मी उठलो, चपला घातल्या आणि पंगतीला न बसता स्टँडवर आलो. माझ्या बायकोला, हौसाला, मागोमाग यावं लागलं. भावाच्या दारातून ती उपाशी निघाली आणि घरी आल्यावर तिनं माझ्याशी अबोला धरला. आदळआपट काही नाही. चहा वेळेवर, भाकरी गरम. बोलणं मात्र मुलामार्फत. "विलास, यांना विचार, पाणी काढू का आंघोळीला." मी समोरच बसलेला असायचो.

मार्गशीर्षापर्यंत विलासनं दम काढला. मग एक दिवस म्हणाला, "माझं पोस्ट ऑफिस बंद. रत्नागिरीला माझ्या मित्राची खोली रिकामी आहे. दोघंच जा. बोललात तर ठीक, नाहीतर समुद्र तरी बघा. त्याला तिकीट नाही."

नाशिकचा माणूस रिकाम्या हातानं कुठं जात नाही. समुद्राला घालायला मी गंगेचा एक गडू डाक लावून पिशवीत घेतला आणि संध्याकाळच्या एसटीला बसलो.

पहिली कटकट गाडीतच झाली. पंच्याहत्तरीच्या पुढं एसटी फुकट आहे हे मला माहीत होतं, पण मी ते कधी घेतलं नव्हतं. मी पैसे पुढं केले. कंडक्टर म्हणाला, बाबा, तुमचं वय बघून मला शून्याचंच तिकीट फाडावं लागतं. मी म्हटलं, मी कुणाचं फुकट खात नाही. मागच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली. तेव्हा हौसा खिडकीकडे तोंड ठेवूनच बोलली, "मास्तर, यांना सांगा, सरकारनं दिलंय, सासऱ्यानं नाही." सगळी गाडी हसली. मी शून्याचं तिकीट घडी करून खिशात ठेवलं.

सकाळी डोळे उघडले तेव्हा गाडी घाट उतरत होती. खाली धुकं, कडेला लाल माती, आणि घरं त्याच लाल दगडाची (तिकडे त्याला जांभा म्हणतात). आपला काळा दगड बघायची सवय. मला ती घरं अजून भाजायची राहिलेल्या विटांसारखी वाटली.

खोलीची किल्ली शेजारच्या इब्राहीमभाईंकडे होती. माझ्याच वयाचे, पांढरी दाढी, अंगात भोकाभोकांचं बनियन. सारा जन्म बोटीवर तांडेल (बोटीचा मुख्य माणूस) म्हणून काढलेला, आणि हे त्यांनी मला किल्ली द्यायच्या आधीच सांगितलं. मीही गडूचं आणि मारुतीचं सांगितलं. त्यांनी विचारलं, गोदावरी कुठल्या समुद्राला मिळते माहीत आहे का? मी म्हटलं, समुद्र एकच. ते खो खो हसले.

"नाय काकानू. एवढा जवळचा समुद्र सोडून ती पाठ फिरवून पार त्या टोकाला जाते. तुमच्या गावचं पाणीच हट्टी दिसतंय."

हौसा पदराआड हसली. मला राग आला, पण माणूस आवडला.

त्यांना आमचा अबोला चहाच्या आधीच कळला. हौसानं त्यांच्यामार्फत निरोप सुरू केले आणि त्यांनी ते पोचवायला घेतले, पण स्वतःच्या पद्धतीनं. ती म्हणायची, यांना सांगा चहा गार होतोय. हे मला सांगायचे, "वहिनी म्हणतात, तुमच्याशिवाय चहा गोड लागत नाही." मी म्हणायचो, तिला सांगा चालताना सांभाळ. ते तिला सांगायचे, "मालक म्हणतात, दमलात तर उचलून घेतो." हौसा लाजायची, मग चिडायची, मग निरोप परत घ्यायची. पण त्या घोळात तिचं बोलणं वाढलं, हे मी पाहिलं.

आता बिनपैशाच्या गोष्टी. पहिल्या संध्याकाळी मांडवीला गेलो. समुद्रात गेलेला लांब धक्का आहे, त्यावर सगळं गाव वारा खायला येतं. समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा मी पलीकडचा काठ शोधत होतो. सवय. घाटावर उभं राहिलं की समोरचा काठ दिसतो, देऊळ दिसतं, धुणं दिसतं. इथं काही नाही. सूर्य खाली आला, तांब्याच्या परातीएवढा मोठा झाला, आणि पाण्यात उतरताना फस्स असा आवाज येईल म्हणून मी खरंच कान दिला. हौसा धक्क्याच्या दुसऱ्या कडेला बसली होती, एकटी. तिनं सूर्याला हात जोडले. तिथली भेळ खाऊ नका. भेळीचं काम आपल्याकडे सोडावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इब्राहीमभाई आम्हाला मिरकरवाड्याच्या बंदरावर घेऊन गेले. बोटी लागतात, टोपल्या उतरतात आणि जागेवर लिलाव होतो. बघायला पैसे नाहीत, फक्त पायाखाली बघा, घसरतं. कोळणी ज्या आवाजात भाव तोडत होत्या, तो ऐकून हौसाला देवळ्याचा कांद्याचा बाजार आठवला. ती इब्राहीमभाईंना सांगायला लागली, माझा भाऊ लिलावात असाच उभा राहतो, हात मागं बांधून, गप्प. त्यानं इतकी वर्षं कांदा पिकवला, पण मनमाडच्या पुढं कधी गेला नाही. समुद्र बघायची त्याला लहानपणापासून हौस. हे बोलताना तिचा आवाज मऊ झाला होता. हा निरोप इब्राहीमभाईंनी मला दिला नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं.

दुपारी रत्नदुर्ग किल्ला. चढ आहे, गुडघे बोलतात, पण भगवतीच्या देवळापाशी पोचलं की सगळं फिटतं. तटावर उभं राहिलं तर तिन्ही अंगांनी समुद्र आणि समोर दीपगृह. तिथं बसून आम्ही घरची शिदोरी सोडली. शेजारच्या एका बाईनं आम्हाला घावन (तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी) देऊ केलं. मी नको म्हणालो. हौसानं घेतलं, बदल्यात तिला ठेचा दिला, आणि बाईलाच म्हणाली, "काही माणसांना घेता येत नाही, ताई. द्यायलाही मग जमत नाही." बाई बिचारी मान हलवत राहिली.

तिसऱ्या दिवशी इब्राहीमभाईंनी हात वर केले. आज मी नाही, दोघं भाट्याला जा, म्हणाले. खाडीवरचा पूल ओलांडला की सुरूचं बन (सुईसारख्या पानांची उंच झाडं) आणि पुढं लांबच लांब वाळू. टोकाला झरी विनायक आहे, डोंगरातून पाणी येतं. "पण दुपारनंतर भरती लागते. खडकावर बसू नका." मी म्हटलं, भाई, पाणी मला शिकवू नका.

भाटे मात्र चुकवू नका. सुरूखाली झोप येते, वाळूत पाय भाजत नाहीत, आणि वारा असा की छत्री उघडायची गरज नाही. देवदर्शन झालं. हौसा वाळूवर बसून खुबे (लहान शिंपले) गोळा करायला लागली. मी गडू घेऊन खडकांवरून पाण्याच्या कडेला गेलो, चपला बाजूच्या दगडावर काढल्या आणि खिळ्यानं डाक उचकटायला बसलो. माझाच डाक, सहज निघेना. खूप वेळ गेला. शेवटी झाकण सुटलं, गंगा समुद्राला घातली आणि जरा बसलो.

पाणी वाढतंय हे मला दिसत होतं. खोटं कशाला सांगू. पण पाणी वाढतं म्हणजे वर कुठंतरी धरण सोडलेलं असतं, ते कळवतात, भोंगा होतो, आणि मग हळूहळू चढतं, ही माझ्या डोक्यातली रीत. मी समोरचा एक उभा खडक मनात धरला. त्याच्या कमरेला लागलं की उठायचं. लागलं. मी म्हटलं, अजून छातीपर्यंत वेळ आहे. तेवढ्यात मागून पाणी आलं. मागून! गंगा कधी मागून येत नाही. वळून पाहिलं तर मी आणि वाळू यांच्यामध्ये पाणी, आणि दगडावरच्या माझ्या चपला बदकांसारख्या पोहत निघालेल्या.

हौसा उभी राहिली. इकडे तिकडे पाहिलं. यांना सांगा म्हणायला वाळूवर कुणीही नव्हतं.

मग ती ओरडली, आणि घाबरली की निघते ती माहेरची अहिराणीच निघाली. "अहो! आठे तुमना मारुती नही शे! उठा!" (इथं तुमचा मारुती नाही, उठा.)

मी उठलो. लाट पाठीत बसली, गडू धरलेला हात बुडाला. हौसा लुगडं खोचून मांडीएवढ्या पाण्यात आली होती. तिनं माझं मनगट असं पकडलं की बांगडीचा वण दोन दिवस राहिला. वाळूवर आलो तेव्हा दोघंही चिंब होतो. तिनं आधी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, मग लांब जाणाऱ्या चपला बघितल्या.

"देवळ्याहून निघताना ह्याच घातल्या होत्या ना? बरं झालं गेल्या."

आणि ती हसायला लागली. इतकी, की वाळूत बसली. मलाही हसू आवरेना.

मग मी गडू ओतायला वाकडा केला. लाटेनं तो गळ्यापर्यंत भरलेला होता. हौसानं गडूच्या तोंडावर तळहात ठेवला.

"सांडू नका. दादाला नेऊ. त्यानं कुठं पाहिलाय समुद्र."

मी गडू सरळ केला. तो तसाच हातात धरला. अनवाणी खोलीवर आलो. इब्राहीमभाईंना हौसानं सगळं रंगवून सांगितलं आणि त्यांनी एक जुनी रबरी चप्पल माझ्यापुढं ठेवली. मी ती घेतली. पायाला बरोबर बसली.

निघायच्या सकाळी दोघं परत समुद्रावर गेलो. पाणी पार लांब सरकलेलं, कालचे खडक उघडे पडलेले. हौसा माझ्याकडे बघून, मलाच म्हणाली, "एवढा मोठा, पण रोज मागं सरतो. त्याला कुणी हलका म्हणत नाही." मी म्हटलं, चल, गाडी चुकेल.

गाडीत ती देवळ्यापासून रत्नागिरीपर्यंतचं सगळं साठलेलं बोलली. पुण्यापर्यंत मला डोळा लागू दिला नाही. गडूतलं समुद्राचं पाणी बाटलीत ओतून तिनं मांडीवर धरलं होतं.

घरी पोचलो त्या संध्याकाळी कट्ट्यावर आलो, आणि तुम्ही खर्चाचं विचारलंत. सूर्य, वारा, किल्ला, बंदर, वाळू, देव, यांना काही पडत नाही. चपलांचा एक जोड जातो. आणि एक सांगतो. त्या लग्नात नाव पुकारण्यात चूक झाली होती, हे माझं म्हणणं आजही तसंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावरून जुनी अवजारं काढली. शेगडी पेटवली, डाक धरावा म्हणून नवसागर लावला, खारं पाणी गडूत भरून कथलाचा डाक लावला. उलटा करून पाहिला, थेंब नाही. पण मिठाचं पाणी तांब्याला खातं. ठेवलं तर गडू आतून हिरवा पडतो. म्हणजे उशीर करून चालणार नव्हतं. टोपी घातली, रबरी चप्पल घातली आणि देवळ्याची एसटी धरली. कंडक्टरनं विचारायच्या आधी मी आधार कार्ड पुढं केलं. खिडकीपाशी हौसा बसली होती.

मेव्हण्याच्या ओट्यावर कांद्याची पोती होती. आतून माणसांचे आवाज येत होते. आत या म्हणायला कुणी बाहेर येण्याची वाट मी पाहिली नाही.

"बापू," मी दारातून हाक मारली, "समुद्र आणलाय तुला. तांबं खराब व्हायच्या आत घे."