एका कानाचा मेकॅनिक

कर्जतजवळ चौक गावात आमचं गॅरेज आहे. गाडीत बसून जुन्या हायवेवर एक फेरी मारली की खरखर कुठल्या चाकाची ते मी सांगायचो. जॅक लावून खात्री करणं मला कमीपणाचं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी तापात डावा कान गेला. उजवा ठणठणीत होता, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. मग एका टेंपोचं पुढचं उजवं चाक खोललं, तर आतलं बेअरिंग नव्यासारखं. बिघाड डाव्या चाकात होता. ड्रायव्हर मला सोडून माझ्या धाकट्या भावाकडे बघायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी भावाने सांगितलं, "दादा, तू आता खुर्चीत बस. गाड्या मी बघतो."

राग आला. दुसऱ्या दिवशी कान दाखवायला कर्जतला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की डावीकडचा आवाज डाव्या कानात किंचित आधी आणि जरा मोठा पोचतो, त्या फरकावरून मेंदू बाजू ठरवतो. आता तुलनेला दुसरा कानच नाही, म्हणून मला सगळं उजवीकडेच वाटतं. मान फिरवून ऐकायची सवय केली तर थोडंफार जमेल, असंही त्या म्हणाल्या. थोडंफार मला पुष्कळ होतं.

रोज सकाळी मी अंगणात डोळ्यांवर पंचा बांधून उभा राहायचो. बायको अनवाणी फिरत पातेल्यावर पाना आपटायची आणि मी बोट दाखवायचो. पहिले आठ दिवस बोट उजवीकडेच. शेजारी हसायचे. मी बायकोवर डाफरलो, तर ती शांतपणे म्हणाली, "माज्यावर काय वरडता? मान फिरवा."

फिरवली. महिनोन्महिने फिरवली. आवाज कुठे भरतो आणि कुठे दबतो, ते कळायला लागलं.

गेल्या महिन्यात मोहोपाड्याहून कामगारांची व्हॅन आली. भाऊ पुढे व्हायच्या आत मी आत चढलो, डोळे मिटून मधल्या सीटवर बसलो आणि ड्रायव्हरला फेरी मारायला लावली. मान इकडून तिकडे फिरवत होतो. ड्रायव्हर आरशातून बघत होता, बघेना का. परत आल्यावर पुढचं डावं म्हणालो आणि निमूटपणे जॅक मागितला. चाक उचलून हाताने फिरवलं. खरखर तिथेच होती.

भावाने स्वतः चाक फिरवून बघितलं.

"दादा, मागं अजून एक गाडी उभी हाय. ती पण बघतोस का?"