डिप्टीसाहेबांच्या हातातलं वांगं

मला एका जागी बसवत नाही, हे माझी आई अकोल्यात अख्ख्या आळीला सांगायची. अमरावतीला मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले तरी खोड काही गेली नाही. तिसरीच्या वर्गात दिवसभर माझ्या येरझारा चालायच्या, खिडकीपासून फळ्यापर्यंत आणि परत. त्यात आमच्या पोरी अशा, की बसलेल्या माणसानंही उठून उभं राहावं.

बहुतेक सगळ्या गावाबाहेरच्या माळ्यांच्या. पहाटे भाजी तोडून मग शाळेत यायच्या. त्यांची एक समजूत अगदी पक्की होती: प्रश्न विचारायचा तो ज्याला उत्तर माहीत नाही त्यानं. माहीत असून विचारतो, तो एक तर थट्टा करतो नाही तर फसवतो. बाजारात वाढलेल्या पोरी, त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! पण शाळा चालते ती नेमकी उलटी, त्याला मी काय करू?

"सूर्य कोणत्या दिशेला उगवतो?" असं विचारलं, की मागून आवाज यायचा, "काहून बाई, तुमी सकाळी उठत नाई काय?" गायीवर निबंध लिहा म्हटलं, तर एकीनं पाटीवर एकच ओळ लिहिली, 'गाय सगळ्यांनी पाहिली आहे.' एका गड्याला विहीर खणायला आठ दिवस लागतात, तर दोन गड्यांना किती, या गणिताला उत्तर आलं, 'भांडले नाही तर लवकर.' मी आधी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची आणि मग त्यांच्यावरच खेकसायची.

ते विहिरीचं उत्तर जिचं, तीच माझी सगळ्यात हुशार पोरगी. वाचायला बसली की मी सांगायच्या आत पान उलटायची. तिचा बाप रोज डोक्यावर टोपलं घेऊन बाजाराला जाताना तिला फाटकाशी सोडायचा. एक दिवस तिथंच थांबला.

"मास्तरीणबाई, शाळा तपासाले डिप्टीसायेब येऊन राहिले म्हनते. त्यायच्यापुढं पास झाली तं बसू द्या चौथीत. नाई तं मी इले बाजारात बसवतो. घरी हात कमी पडून राहिले."

ती बापाच्या मागे उभी राहून माझ्याकडे बघत होती. झालं! माझी झोपच उडाली. येता-जाता मी तिला पढवायला लागले.

"साहेब विचारतील ते त्यांना माहीतच असतं. तरी सांगायचं!"

"काहून?"

"काहून-बिहून काही नाही. सांगायचं म्हणजे सांगायचं!"

तिनं मान हलवली, पण वेड्याची समजूत काढावी तशी.

डिप्टीसाहेब आले ते माणूस म्हणून चांगले वाटले. वस्तुपाठासाठी मी टेबलावर भाज्या मांडून ठेवल्या होत्या. त्यातलं एक वांगं उचलून त्यांनी नेमकं तिच्यापुढे धरलं.

"मुली, हे काय आहे?"

तिनं वांग्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीचा गज घट्ट धरून उभी. अगं बोल ना माय, वांगं म्हण अन् हो मोकळी!

"सायेब, तुमाले मालूम हाये."

हेडबाई खोकल्या. साहेब म्हणाले, "समज, मला नाही माहीत."

तिच्या चेहऱ्यावर खरोखरची कीव आली. "मंग तुमी बाजारात एकटे जाऊ नोका. घरच्या बाईमाणसाले संगं घेत जा."

साहेब असे हसले, की त्यांची पगडी घसरली. मग त्यांनी तिच्याकडून धडा वाचून घेतला. ती घडाघडा वाचत सुटली. "पास! वर्गात पहिली!" असं म्हणून त्यांनी ते वांगं तिच्याच हातात ठेवलं. मला इतका आनंद झाला, की हेडबाई समोर होत्या म्हणून, नाही तर मी तिला उचलून नाचलेच असते.

सांजेपर्यंत ही गोष्ट सगळ्या भाजीबाजारात पसरली. दुसऱ्या दिवशी बाप एकटाच आला. चेहरा अभिमानानं फुललेला.

"एवढ्या मोठ्या सायेबाले जी पोरगी भेली नाई, ते गिऱ्हाइकाले काय भेईन? तिची माय तं गिऱ्हाइकापुढं तोंडच उघडत नाई. आता तिची शाळा पुरी झाली, बाई. बाजारात मायच्या जागी बसवतो तिले. तुमचे लय उपकार."

मी भांडले, हात जोडले, घरी येऊन बसेन म्हणून धमकावलं. त्यानं सगळं हसत ऐकून घेतलं आणि जाताना पायरीवर मेथीची जुडी ठेवली. ती जुडी उचलून रस्त्यावर भिरकावून द्यावी असं मला वाटलं.

मला राहवेना. थोड्या दिवसांनी बाजारात गेले. वांग्यांच्या ढिगामागे ती बसली होती आणि मोठ्यानं ओरडून गिऱ्हाईक बोलावत होती. मला पाहून तिनं तागडी पुढे ओढली.

"कशी आहेस?" मी विचारलं.

"तुमाले दिसत नाई काय?" ती हसली. वांगी तागडीत घालता घालता तिचा हात थांबला. बाप पलीकडे गिऱ्हाइकाशी बोलत होता. माझ्याकडे वाकून ती हळूच म्हणाली, "बाई, चौथीच्या पुस्तकात काय असते?"

ती थट्टा करत नव्हती. तिला माहीत नव्हतं, म्हणून विचारत होती.