झुंबरबाईची लॅटिन

झुंबरबाईला अक्षरओळख नव्हती, पण लॅटिन यायची. दुसरबीडच्या कडेला आमची वस्ती. तिथल्या पत्र्याच्या चर्चमध्ये जालन्याहून फादर महिन्यातून एकदा मोटारीने येत आणि आमच्याकडे पाठ करून लॅटिनमध्ये मिस्सा, म्हणजे आमची उपासना, म्हणत. त्यांना उत्तरं देणारी एकटी झुंबरबाई. बाकी आम्ही नुसते माना डोलावणारे. चाळीस वर्षांमागे कुण्या गोऱ्या फादरने तिच्याकडून ती उत्तरं घोकून घेतली होती. अर्थ त्याने सांगितला नाही, हिने विचारला नाही. आम्हा पोरांना ती शिकवू पाहताना मात्र ती असे कान पिळायची की माझा डावा अजून दुखतो.

रोज सकाळी ती पाटलाचं अंगण झाडायची, सारवायची. उंबरठ्याच्या आत तिला मज्जाव होता. गोजरबाई पाटलीण तिच्या दारी कधी फिरकली नाही.

पासष्ट साली फादर म्हणाले, "पुढल्या खेपेपासून मिस्सा मराठीत."

झुंबरबाई उसळली. "मंग माह्यं काय काम? येवढं एकच येते मले, तेही घेऊन राह्यले तुम्ही!"

आम्ही हसलो. त्याची आता लाज वाटते.

फादरांनी समजावलं. हे सुरू करणारे पोप जॉन बटाईदाराच्या घरचे. डझनभर भावंडं, खाली गुरं, वर माणसं. म्हातारपणी गादीवर बसवले, आता हे काय करणार म्हणून. त्यांनीच असे बदल ठरवायला जगभरचे बिशप बोलावले आणि काम अर्ध्यात असताना वारले. आता त्यांना संत म्हणतात; त्या वेळी झुंबरबाई मात्र म्हणाली, "बटाईवाल्याचं लेकरू, अन् गरिबाच्याच तोंडचं काढते?"

पुढल्या महिन्यात ती आली, पण मागे गप्प बसली. पवित्र भाकर वाटण्याआधी 'दोमिने, नोन सुम दिग्नुस' यायचं तिथे फादरांनी आमच्याकडे तोंड करून ओळ सांगितली, "प्रभो, तू माझ्या घरी यावंस एवढी माझी लायकी नाही."

झुंबरबाई उठून उभी राहिली. "थांबा. मी छाती बडवून तीनदा म्हणत होती, ते हेच काय?"

"हाव, बाई."

"अन् तरी तो येत होता?"

"दर वेळी. त्या भाकरीतून."

ती खाली बसून ढसढसा रडली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "पुढची मिस्सा माह्या घरी."

पुढल्या महिन्यात मिस्सेच्या रविवारी पहाटेच तिने स्वतःचं अंगण झाडलं, सारवलं, रांगोळी घातली. गोजरबाईचा गडी बोलवायला आला.

"सांग त्याहिले," झुंबरबाई म्हणाली, "आज माह्या घरी पाहुणा येऊन राह्यला."

पाटलाचं अंगण त्या दिवशी तसंच राहिलं.