जो घाबरला नाही

सोमाजी जमादार पोलिसातून निवृत्त झाले आणि ऊर्जानगरला मुलाच्या क्वार्टरमध्ये येऊन बसले. बसले म्हणजे अक्षरशः बसलेच. सकाळी चहा, दुपारी वरणभात, आणि कोणी नमस्कार केला तर नुसतं 'हं'. असल्या खडूस माणसाला घरात कसं सांभाळायचं, ते त्यांची सून नूतनच जाणे.

तिनंच वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणली. नॉर्वेतली, मराठीत केलेली. त्यातला पोलीसवाला बर्फात एकटा राहतो, झोपत नाही, सगळ्यांवर खेकसतो. एक जुना खून त्याच्या मानगुटीवर बसलेला. "बाबा, तुमचाच भाऊ दिसते हा," नूतन म्हणाली. सोमाजींना हसू आलं नाही, पण पुस्तक उघडलं.

अर्ध्यावर एक प्रसंग आला. तळ्यावरचा बर्फ फुटून माणूस बुडाला, म्हणून सारं गाव तळ्याकडे फिरकेना. एकच जण दुसऱ्या दिवशी त्याच बर्फावर खुशाल मासे धरत बसलेला. पोलीसवाल्यानं त्याला विचारलं, "तुला भीती कशी वाटत नाही?"

सोमाजींनी पुस्तक मिटलं. हाच प्रश्न एकदा त्यांनी स्वतः विचारायला हवा होता.

सिंदेवाहीकडे नोकरीला असताना गावाच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली लटारू नावाच्या माणसाचं प्रेत सापडलं होतं, जनावरांनी खाल्लेलं. गाव म्हणालं वाघ, सोमाजींनीही वाघच लिहिला. दुसऱ्या दिवशी जंगलाकडे एकही बाई फिरकली नाही, मोहफुलं सडत पडली. आणि त्याच झाडाखाली लटारूचा चुलतभाऊ पोचू एकटाच टोपली भरत होता. सोमाजींनी मोटरसायकल थांबवून पाहिलं, मनात म्हणाले, काय छातीचा गडी आहे! आणि गेले पुढे. अहो, जमादार होते ना ते! तिथं वाघ आलाच नव्हता, हे फक्त पोचूला माहीत होतं, आणि सोमाजींना ते आज पुस्तक वाचताना कळलं.

सोमाजींनी त्या गावची बस धरली. लटारूची बायको भागीरथा अंगणात तांदूळ पाखडत होती. तिला सांगायलाच हवं होतं, मग ती शिव्या देवो की रडो.

"बाई, लटारूले वाघानं नाई मारलं. पोचूनं मारलं."

"माईत हाय मले." सूप थांबलं नाही. "त्या दिशी मी दारातच उभी होती. पोचू झाडाखाली होता, तुमी गाडीवर. मले वाटलं, आता जमादार त्याले पुसन."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"लेकरं लहान होते. पोचूच्याच धानाच्या बांधीत मजुरीले जात होती मी. पुसाचं काम तुमचं होतं, भाऊ." तिनं तांदळातला खडा वेचून टाकला. "मागच्या साली मेला तो. बसा, चहा ठेवतो."

सोमाजी चहा प्यायले.

आठवड्यानं नूतननं पुस्तक परत न्यायला घेतलं. "सापडला का बाबा, खुनी?"

"सापडला."

"कसा काय?"

"त्या पोलीसवाल्यानं पुसलं त्याले," सोमाजी म्हणाले आणि खुर्ची खिडकीकडे वळवून बसले.