कबूल केलेला गुन्हा

चहा कढत होता. मालकाच्या पुतण्यानं तो माझ्या मानेवर ओतला आणि म्हणाला, "बाकडं काहून बाटवून राहिला रे?"

साखरा गावातल्या त्या हॉटेलात आमच्या वस्तीतली माणसं उभ्यानं चहा पीत. मी बसलो होतो. कातडी सोलली. मी त्याची कॉलर धरली. तेवढंच. मारहाणीचा गुन्हा मात्र माझ्यावर नोंदला गेला. माझी तक्रार कोणी घेतली नाही.

तारखांना जाऊन जाऊन थकलो. वकील म्हणाले, "जजसाहेबानं इचारलं की कबूल म्हण. दंड भर अन् घरी जाय." आमच्याकडे किरकोळ केस अशीच संपवतात. मी हात जोडून कबूल म्हणालो. वाटलं, सुटलो. दंड म्हणजेही शिक्षाच असते, ती मागं लागून येते, हे मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ते मला अजून खातं.

मी पोलंडमध्ये ट्रक चालवतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा कोणी काही विचारलं नाही. आता राहण्याचा परवाना नवा करायला तिथलं ऑफिस इथल्या पोलिसांचा दाखला मागतं. तो आणायला गावी आलो. दाखल्यावर माझी शिक्षा निघाली. परवाना नाकारतील की देतील, कोणी सांगत नाही. मुदत संपत आली आहे. बायको-लेकरांना तिकडे न्यायचं म्हणून घरच्या शेळ्याही विकून बसलो आहे.

हॉटेलमालकाचा तो पुतण्या आता सरपंच आहे. त्यानं बोलावलं. "काय फारेनवाले! अडकले ना? ठाण्यात सांगून बिनशिक्षेचा कोरा दाखला काढून देतो. चार माणसांत पाय धर. चूक झाली म्हण."

बायको म्हणाली, "धरा न वो. लेकराईसाठी."

मी गेलो. वाकलोसुद्धा. चार माणसं बघत होती. हात त्याच्या पायांजवळ पोचले आणि कळलं, न केलेला गुन्हा मी दुसऱ्यांदा कबूल करून राहिलो. सरळ झालो. जन्मभर त्याला 'तुमी' म्हणत आलो होतो.

"चहा तू ओतला होता," म्हणालो.

बायको दोन दिवस बोलली नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

शिक्षेविरुद्ध वरच्या कोर्टात अर्ज दिला आहे. वकील म्हणतात, स्वतः कबूल केलेलं, अवघड आहे. पोलंडच्या अर्जात शिक्षा लिहिली, ती कशी झाली तेही लिहिलं. निकालाआधी मुदत संपेल. संपू दे. शिक्षा लागलेला माणूस म्हणून पोलंडच्या दारात उभा राहीन. पाय धरून कोरा होणार नाही.