वरून पहिला, आतून दुसरा

मी भूतबाधा, करणी असलं काहीच मानत न्हाई. सासू दाराला लिंबू-मिरची बांधायची तं मी हसायची. दहावी नापास हाय, लिहिताना चुकलं तं सांभाळून घ्या... पण सांगितल्याबिगर राहवंना.

आम्ही बदनापूरला स्टेशनच्या बाजूला राहतो. पुढच्या खोलीत यांचं टीव्ही रिपेरिंगचं दुकान, मागं घर. यांना जुन्या कम्प्युटरचा लई नाद. सलीमचाचाच्या भंगारातून एक आणल्ता — नुसता कीबोर्ड, त्यातच सगळा कम्प्युटर, टीव्हीला जोडायचा. मोबाईलवर पाहून पाहून मला सांगू राह्यले, "बटनं फिक्की राखाडी असली तं पहिला इशू, म्हंजी कंपनीची पहिली बनावट, निळसर असली तं दुसरा. पण खरं आत कळतं, बोर्डावर छापेल असतं."

मी म्हन्लं, "अवो, इशू म्हंजी लेकरू ना? दवाखान्यात नर्सबाई इचारती, कितवा इशू?"

"हाव, मंग धर याला, बाळंतपण करू!" हसत हसत स्क्रू काढले. भर दुपार. लाईट गेल्ती. आमची परी, दोन वर्षाची, खाली खेळू राह्यली व्हती.

बटनं राखाडी. बोर्डावर मात्र दोन नंबर. यांनी लगेच फोटो काढला. "वरून पहिला, आतून दुसरा. कोणीतरी बदललंय."

माझ्या तोंडून निघालं, "मंग पहिला कुठं गेला?"

अन् मी परीकडं पाहिलं... परी आमचा दुसरा इशू. पहिला पोरगा जन्मला तवा रडलाच न्हाई. तसाच गेला.

लाईट नसताना टीव्ही पेटला. पांढराफट. यांनी हातोडी उचलली.

"अवो, काय करू राह्यले?"

"हा दुसरा हाय. पहिला काढ."

अन् हातोडी परीवर! मी मधी पडले, माझ्या खांद्यावर बसली, हाड कडकन वाजलं. दुसरा घाव टीव्हीत — काचाच काचा! केसं धरून मला फरफटलं, पुन्हा परीकडं वळले... माझ्या हाताला जड ट्रान्सफार्मर लागला, तोच यांच्या डोक्यात घातला. रगताची धार. हे मटकन बसले अन् म्हन्ले, "का मारलं गं मला?"

काहीच आठवंना यांना. माझा खांदा पाहून रडले.

दवाखान्यातून आलो, बोर्ड पाहिला. त्याच्यावर आता एक नंबर छापेल! फोटोत दोनच. बोर्ड तोच, कोपऱ्यातला ओरखडा बी तोच. सलीमचाचाकडं कम्प्युटर परत नेला तं हात बी लावंना, "बेटी, मैं वापस नै लेता."

कसं झालं, मला अजून कळंना. कोणाला ठावं असलं तं सांगा...

त्या दिवशी परीच्या तळपायात काच घुसली व्हती. मी उपसली, रगत थांबंना. पोरगी रडली न्हाई. नुसती माझ्याकडं पाहत राह्यली. तवापासून एकदा बी रडली न्हाई. डॉक्टर म्हणतात ठीक हाय.

वरून तीच हाय वो... तोच गालावरचा तीळ. आतलं कसं पाहू? तिला काय स्क्रू हायत?