आनंदी कोपरा आणि म्बाह पावीरो

तेम्पेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, काप लसणाच्या पाण्यातून काढून मी कढईत सोडत होते, नवरा एका पायात मोजा घालून दुसरा शोधत घरभर लंगडत होता, आणि दारावर टकटक झाली. आमच्या सोलो शहरातल्या या गल्लीत सकाळी कुणी दार वाजवत नाही. बाहेरूनच हाक मारतात आणि आत येतात. दार वाजवून, दोन पावलं मागे सरून, हात जोडून उभं राहायची पद्धत बू रेत्नानं नवी आणली होती. प्रशिक्षणातून.

बू म्हणजे बाई, आणि ही बू रेत्ना म्हणजे आमच्या गल्लीप्रमुखाची बायको. मागच्या महिन्यात ती डोंगरावरच्या कुठल्याशा हॉटेलात दोन दिवस राहून आली, आणि मन निरोगी ठेवायच्या रोजच्या छोट्या सवयी तिथून शिकून आली. तेव्हापासून आम्हाला मन आहे हे आम्हाला कळलं. त्याआधी बहुतेक आम्ही बिनमनाचेच भात शिजवत होतो.

"बू यात्मी, आज उठल्यावर खोल श्वास घेतलात का?"

"घेतला ना. तेम्पे करपतोय का ते बघायला."

ती हसली नाही. हसण्याची वेळ तिनं वेगळी ठरवून दिली होती. सकाळच्या कवायतीनंतर, भोंग्यावर, सगळ्या बायकांनी एकदम हसायचं. हसत नसेल तिचं नाव पुकारलं जायचं.

तिचं काम निराळंच होतं. 'सुखी गल्ली' नावाच्या स्पर्धेचे परीक्षक येणार होते, आणि त्यासाठी गल्लीच्या तोंडाशी 'आनंदी कोपरा' उभारायचा होता. जिथे म्बाह पावीरोंचं बाकडं होतं, नेमक्या तिथेच.

"म्बाहंना तुम्ही विचारा," ती म्हणाली. "तुमचं ऐकतात ते."

म्बाह म्हणजे आजोबा. पावीरो सगळ्या गल्लीचेच आजोबा. उभं आयुष्य त्यांनी एका थिएटरच्या दारात तिकिटं फाडण्यात घालवलं. लोक आत गेले की मग सिनेमा बघायला मिळायचा, त्यामुळे या माणसाला कुठल्याच गोष्टीची सुरुवात ठाऊक नाही, असं त्यांची बायको सांगायची. ती गेली आणि म्बाहंनी दार लावून घेतलं. मी पाठवलेला भात जसाच्या तसा परत यायचा, वर केळीचं पान नीट झाकलेलं. माणूस असा आतल्या आत विझताना आमच्या गल्लीनं याआधी एकदा पाहिलेला होता, त्यामुळे येता-जाता आमची नजर त्या बंद दारावर असायची.

मग एका सकाळी त्यांनी घरातलं बांबूचं बाकडं फरफटत गल्लीच्या तोंडाशी आणलं आणि त्यावर बसले. भाजीवाली समोरून गेली. तिला म्हणाले, "कुठे निघालात?" ती म्हणाली, "ही इथेच." झालं. आमच्याकडे हे असं विचारतातच. खरं उत्तर कुणी देत नाही, कुणाला ते नकोही असतं. शाळेत जाणारं पोर, दवाखान्यात जाणारी म्हातारी, बायकोशी भांडून निघालेला नवरा, सगळे 'इथेच' निघालेले असतात. पण कुणी विचारलंच नाही तर दिवसभर चुटपुट लागून राहते.

बाकड्यावर बसायचं म्हणून म्बाह आंघोळ लवकर करायला लागले. मग दाढी. मग शर्टाला इस्त्री. माझं भांडं रिकामं परत यायला लागलं, आणि एके दिवशी निरोपही आला की मीठ कमी आहे. त्या दिवशी मी देवाचे आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी मीठ जरा जास्तच घातलं.

आता हे बाकडं हलवायचं होतं, तेही मनाच्या आरोग्यासाठी. मी बू रेत्नाला सोबत घेऊनच म्बाहंकडे गेले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "हो, हो," म्हणाले. "छान होईल. करा की. हो." आणि लगेच चहा घेणार का म्हणून विचारलं.

आमच्या जावा बेटावर मोठं माणूस तोंडावर 'नाही' म्हणत नाही. 'हो' किती हळू म्हटलं, किती वेळा म्हटलं, आणि मागोमाग चहाचा विषय किती घाईनं काढला, यावरून समोरच्यानं ते 'नाही' उचलायचं, आणि आपण काही विचारलंच नव्हतं असं दाखवून निघून यायचं. शेंबडं पोरही हे जाणतं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बू रेत्ना, ते नाही म्हणाले."

"हो म्हणाले! तुमच्यासमोर म्हणाले, तीनदा."

"तुम्ही काय डच साहेबांच्या घरात वाढलात?"

"प्रशिक्षणात सांगितलंय, समोरचा बोलतो तेवढंच ऐकायचं. त्याच्या मनातलं आपण गृहीत धरायचं नाही."

हिची स्वतःची सासू जन्मभर 'हो, हो' म्हणत हिच्या हातचा एक घास न खाता गेली. तेव्हा बरं हिला सगळं समजत होतं.

दुपारपर्यंत बाकडं कुणाच्या तरी परसात गेलं. त्याच्या जागी प्लॅस्टिकचं गवत आलं, भिंतीवर पिवळे हसरे चेहरे आले, साखळ्यांचा झोपाळा आला, आणि सगळ्याभोवती दोरी बांधून पाटी लागली: 'परीक्षक येईपर्यंत येथे बसू नये.' आनंद असा ओल्या रंगासारखा जपून ठेवला होता. शेजारी चांगल्या सवयींचा फलकही लावला. पाणी प्यावे, कृतज्ञ राहावे, आणि 'कुठे निघालात' असे कोणालाही विचारू नये, प्रत्येकाच्या खासगी आयुष्याचा मान राखावा.

मान इतका राखला गेला की गल्ली मुकी झाली. भाजीवाली खाली मान घालून जायची. म्बाहंचं दार दिवसासुद्धा बंद दिसायला लागलं. आणि एका दुपारी माझा भात परत आला. वरचं केळीचं पान हललेलंही नव्हतं.

मी तशीच बू रेत्नाकडे गेले. ती फलकावर फुलं चिकटवत होती.

"म्बाह पुन्हा जेवेनासे झालेत."

"काळजी करू नका. मी त्यांना श्वासाचा व्हिडिओ पाठवलाय."

"त्यांचा फोन बटणांचा आहे."

"मग त्यांच्या मुलाला पाठवते."

"मुलगा बोर्निओत आहे, बू. तो तिथे श्वास घेईल, त्याचा इथे काय उपयोग?"

तिनं फुलाचा डिंक पुसला आणि माझ्याकडे अशा सहानुभूतीनं पाहिलं की तशी नजरही प्रशिक्षणात शिकवत असावेत.

परीक्षक आले त्या सकाळी तिची धावपळ उडाली. कोपरा होता, फलक होता, बायका हसायला तयार होत्या, पण फोटोत एक म्हातारं माणूस हवं होतं, समाधानी चेहऱ्याचं. दहा-बारा घरं सोडून ती थेट म्बाहंच्या दाराशी गेली. दार वाजवलं. दोन पावलं मागे सरली.

म्बाह आले. बोलावल्यावर न येणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. अंगात ठेवणीतला बाटिकचा शर्ट होता आणि त्याच्या गळ्यात मान सैल झाली होती. मला ते बघवेना. बू रेत्नानं दोरी सोडली, त्यांना झोपाळ्यावर बसवलं. पाय जमिनीला टेकत नव्हते, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी साखळ्या घट्ट धरल्या.

परीक्षकबाईंनी माइक त्यांच्या तोंडाशी नेला. "म्बाह, मन आनंदी राहावं म्हणून तुम्ही रोज कोणती छोटी सवय पाळता?"

"श्वास म्हणा, म्बाह," बू रेत्ना मागून कुजबुजली. "श्वास."

सगळी गल्ली 'हो, हो' ऐकायला तयार उभी होती. मीसुद्धा. म्बाहंनी माइककडे पाहिलं, मग बू रेत्नाकडे. चहाचं कुणालाच विचारलं नाही.

"हे झुलतं," ते म्हणाले. "मला नको. माझं बाकडं इथे परत ठेवा. सकाळी मला त्यावर बसायचंय."